अकरा जुलै: एक सकाळ, एक संध्याकाळ

घाटकोपर पूर्वेला, छेडानगर मागे टाकून विक्रोळीच्या दिशेने निघाले की महामार्गाला लागूनच माता रमाबाई आंबेडकर नगर लागते. दरवर्षी 11 जुलैला इथे माणसे जमतात. हार वाहिले जातात, नावे वाचली जातात, घोषणा होतात. नावे दहा आहेत.

11 जुलै 1997 च्या सकाळी वस्तीतल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या गळ्यात लोकांना चपलांचा हार दिसला. ज्या पुतळ्यासमोर मुलांची बारशी आणि नव्या जोडप्यांची पहिली वंदना होते, त्याची ही विटंबना होती. लोक आधी गेले ते जवळच्या पोलीस चौकीवर, तक्रार द्यायला. तिथून त्यांना पंतनगर पोलीस ठाण्यात जायला सांगण्यात आले. तोवर बातमी गल्लोगल्ली पसरली होती. माणसे हायवेवर उतरली, वाहतूक थांबली. थोड्याच वेळात राज्य राखीव पोलीस दलाची गाडी आली आणि उपनिरीक्षक मनोहर कदम यांच्या हुकमावरून गोळीबार सुरू झाला. वस्तीच्या तोंडाशी, सर्व्हिस रोडवर, दहा जण ठार झाले. निदर्शनांशी काही संबंध नसलेली माणसेही त्यात सापडली. अनेकांना गोळ्या लागल्या त्या कमरेच्या वर. दुपारपूर्वी पोलीस पुन्हा वस्तीत शिरले, अश्रुधूर आणि लाठीमार झाला. जखमींची संख्या पंचविसाच्या वर गेली.

तेव्हापासून रमाबाई नगरात 11 जुलै हा स्मृतिदिन आहे. उपनगरातल्या बाकीच्या मुंबईकराला मात्र ही तारीख दुसऱ्याच कारणाने आठवते. 11 जुलै 2006 च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या गर्दीच्या लोकलमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार रोड, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड. सगळे पहिल्या वर्गाच्या डब्यांत, सगळे ऑफिसातून घरी परतणाऱ्यांच्या अंगावर. 180 हून अधिक माणसे गेली, आठशेच्या आसपास जखमी झाली.

या दोन घटनांत नऊ वर्षांचे अंतर आहे आणि त्यांची जातकुळी पूर्ण वेगळी आहे. एकीत वर्दीतल्या अधिकाऱ्याच्या हुकमावरून नागरिकांवर गोळ्या चालल्या, दुसरीत दहशतवाद्यांनी प्रवाशांच्या डब्यांत बॉम्ब ठेवले. तरीही इथे त्या शेजारी ठेवल्या आहेत, कारण दोन्हींनंतर घरचा माणूस गमावलेल्यांनी एकच प्रश्न विचारला: या खटल्यात आम्ही कोण?

खटला कोणाचा?

फौजदारी खटल्याचे शीर्षक वाचून पाहा. ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध अमुक.’ ज्याचा मुलगा मेला, जिच्यावर हल्ला झाला, त्याचे वा तिचे नाव या ओळीत नसते. गुन्हा हा केवळ एका व्यक्तीविरुद्ध नसून सगळ्या समाजाविरुद्ध असतो आणि समाजाच्या वतीने राज्य तो खटला लढवते, हा यामागचा विचार. विचार चांगला आहे. सूड घेण्याचे काम माणसाच्या हातातून काढून कायद्याकडे दिले, म्हणून तर गावागावांतली पिढीजात वैरे थांबली.

पण त्याची किंमत पीडिताने मोजली. तपास पोलिसांचा, बाजू सरकारी वकिलाची, निर्णय न्यायाधीशांचा. पीडिताच्या वाट्याला राहिली ती साक्षीदाराची भूमिका. बोलावतील तेव्हा यायचे, विचारतील तेवढेच सांगायचे, घरी जायचे. तारीख पुढे गेली तर कुणी कळवत नाही. आरोपीला जामीन मिळाला हे बरेचदा तो गल्लीत दिसल्यावर समजते. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, विक्रोळी, कुर्ला, कोणत्याही दंडाधिकारी न्यायालयाच्या व्हरांड्यात सकाळी अकराला उभे राहिले तर असे लोक दिसतील. हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद, डोळे दारावर लावलेल्या बोर्डाकडे, आणि कामाचा एका दिवसाचा रोज बुडालेला.

राज्य आपल्या बाजूने लढते, यावर ही सारी रचना उभी आहे. म्हणूनच रमाबाई नगरसारख्या प्रकरणात तिचा पाया हलतो. गोळी झाडणारे राज्याचे नोकर, तपास करणारे त्याच राज्याचे पोलीस, खटल्याला मंजुरी देणारे तेच सरकार. मग मेलेल्यांच्या बाजूने कोण उभे राहणार?

पीडित आधी संशयित होतो

गोळीबारानंतर सरकारी बाजूने सांगण्यात आले की, जमाव हायवेवरचा टँकर पेटवून देणार होता आणि मोठा अनर्थ टाळण्यासाठी गोळीबार करावा लागला. बातम्यांचा रोख एका दिवसात बदलला. सकाळी ज्यांच्या श्रद्धास्थानाची विटंबना झाली, ते संध्याकाळपर्यंत दंगलखोर ठरले. कुणाचा बाप, कुणाचा कॉलेजात जाणारा मुलगा, हे सांगण्याआधी त्यांना ‘आम्ही टँकर पेटवायला गेलो नव्हतो’ हे सिद्ध करावे लागले.

भेदभाव न्यायव्यवस्थेत शिरतो तो बहुधा असाच. न्यायाधीश निकालपत्रात जातीचे नाव घेऊन अन्याय करतो, असे क्वचितच होते. भेदभाव त्याच्या फार आधी, पहिल्या काही तासांत घडलेला असतो. कुणाची तक्रार लगेच लिहून घेतली जाते आणि कुणाला ‘तिकडे जा’ म्हणून सांगितले जाते. कुठल्या वस्तीत लाठी पुरेशी मानली जाते आणि कुठे थेट बंदूक निघते. कुणाचा जबाब शब्दशः उतरवला जातो आणि कुणाचा तीन ओळींत उरकला जातो. पुढचा सगळा खटला या पहिल्या कागदांवर चालतो. पहिल्या कागदात जे आले नाही, ते दहा वर्षांनी उलटतपासणीत ‘नंतर रचलेले’ ठरते.

जमाव पांगवण्याचे नियम तेव्हाही होते. बेकायदा जमावाला आधी पांगण्याचा हुकूम द्यायचा, मग कमीत कमी बळ वापरायचे. इशारा, लाठी, अश्रुधूर, आणि अगदी शेवटी गोळी, तीही कमरेखाली. या पायऱ्या जमावातल्या माणसाचा जीव वाचावा म्हणूनच घालून दिलेल्या आहेत. त्या दिवशी त्या पाळल्या गेल्या नाहीत.

सरकारने न्यायमूर्ती एस. डी. गुंडेवार यांचा चौकशी आयोग नेमला. 1998 मध्ये आयोगाचा अहवाल आला. त्यात हा गोळीबार असमर्थनीय ठरवण्यात आला, टँकरची कहाणी स्वीकारली गेली नाही आणि जबाबदारी कदम यांच्यावर टाकण्यात आली. अनेकांना वाटले, आता न्याय झाला. इथे वाचकाने एक फरक नीट समजून घ्यायला हवा. 1952 च्या चौकशी आयोग कायद्याखाली नेमलेला आयोग हे न्यायालय नव्हे. तो सत्य शोधतो, शिफारस करतो, पण कुणाला शिक्षा देऊ शकत नाही. अहवाल सरकारवर बंधनकारक नसतो. सहा महिन्यांच्या आत तो कृती अहवालासह विधिमंडळात मांडावा, एवढे बंधन कायद्याने घातले आहे. आयोगापुढे दिलेली साक्ष पुढे फौजदारी खटल्यात साक्ष देणाऱ्याविरुद्ध वापरताही येत नाही. म्हणजे आयोग संपला की फौजदारी लढाई पहिल्या पायरीपासून सुरू करावी लागते.

ती लढाई रमाबाई नगराने लढली. 7 मे 2009 रोजी मुंबईच्या सत्र न्यायालयाने कदम यांना सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवून जन्मठेप सुनावली. गोळीबारापासून जवळजवळ बारा वर्षे झाली होती. त्यानंतर काही काळातच उच्च न्यायालयातून कदम यांना जामीन मिळाला.

मुलुंडची एक खोली

त्या गोळीबाराचे ओझे कुणावर किती पडले, हे आकड्यांत मावत नाही. म्हणून एकाच माणसाकडे पाहू.

विलास घोगरे मुलुंडच्या झोपडपट्टीत राहणारे शाहीर होते. आनंद पटवर्धन यांच्या ‘बंबई हमारा शहर’ या 1985 च्या माहितीपटात त्यांचा आवाज आहे. झोपड्या तोडल्या जाणाऱ्या माणसांच्या बाजूने गाणारा हा माणूस डाव्या सांस्कृतिक चळवळीत वाढला होता. गोळीबारानंतर ते रमाबाई नगरात गेले, जे पाहिले ते घेऊन परतले. 15 जुलै 1997 रोजी त्यांनी आपल्या खोलीत गळफास घेतला. आयुष्यभर लाल झेंड्याखाली गाणाऱ्या या माणसाने जाताना डोक्याला निळे कापड बांधले होते आणि भिंतीवर शहीद भीमसैनिकांना अभिवादन लिहिले होते.

घोगरे यांचे नाव गोळीबाराच्या मृतांत नाही. कोणत्याही आरोपपत्रात, भरपाईच्या यादीत ते असू शकत नाही. पण अन्यायाचा आघात गोळी लागलेल्यांपुरता थांबत नाही, हे त्यांच्या जाण्याने दाखवून दिले. पटवर्धन यांनी त्यानंतर चौदा वर्षे कॅमेरा घेऊन ही वस्ती, हा खटला आणि ही शाहिरी टिपली. त्यातून ‘जय भीम कॉम्रेड’ तयार झाला. आज नव्या पिढीला त्या सकाळची ओळख बहुतेक वेळा या माहितीपटातून होते. ज्यांना न्यायालयात दोन वाक्ये बोलता आली, ती माणसे तिथे पूर्ण बोलतात.

आरोपीचा हक्क, पीडिताचाही

आता त्या संध्याकाळकडे येऊ. लोकलमधल्या स्फोटांत राज्य आणि पीडित एकाच बाजूला होते. तपास दहशतवादविरोधी पथकाकडे होता, कायदा मकोका, म्हणजे महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, होता. एरवी पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. मकोकाखाली मात्र अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने नोंदवलेला चालतो. 2015 मध्ये विशेष न्यायालयाने तेरापैकी बारा जणांना दोषी धरले, पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. तेरावा आरोपी, पेशाने शिक्षक, नऊ वर्षे तुरुंगात काढून निर्दोष सुटला.

21 जुलै 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने उरलेल्या बाराही जणांची शिक्षा रद्द केली. त्यातला एक जण तोवर तुरुंगातच मरण पावला होता. सरकारी पक्ष आरोप सिद्ध करण्यात पूर्ण अपयशी ठरला, असे न्यायालयाने म्हटले. कबुलीजबाब छळ करून घेतल्याचे आणि त्यांतले मजकूर एकमेकांशी संशयास्पद रीतीने जुळत असल्याचे नोंदवले. ओळख परेड ज्याने घेतली त्याला तसा अधिकारच नव्हता. काही साक्षीदारांनी घटनेनंतर शंभरहून अधिक दिवसांनी माणसे ओळखली होती. राज्य सरकार लगेच सर्वोच्च न्यायालयात गेले. 24 जुलैला सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असा आदेश दिला, मात्र सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात जायला सांगितले नाही.

त्या आठवड्यात बोरिवलीपासून विरारपर्यंतच्या कितीतरी घरांत एकच वाक्य बोलले गेले असेल: मग आमच्या माणसाला मारले कोणी?

या प्रश्नावरचा राग सुटलेल्यांवर काढणे सोपे आहे, पण ते चूक आहे. न्यायालयाने पुरावा तपासला आणि तो टिकला नाही. तपास नीट झाला नाही तर त्याचे दोन बळी असतात. एक, ज्याने वर्षानुवर्षे कोठडीत काढली तो. दुसरा, ज्याला एकोणीस वर्षांनी सांगितले गेले की तुझ्या मुलाचा मारेकरी कोण हे आम्हाला सिद्ध करता आले नाही. आरोपीला वकील मिळणे, त्याला मारहाण न होणे, ओळख परेड नियमाने होणे, या गोष्टी पीडिताच्या विरोधात आहेत असे आपल्याला शिकवले जाते. प्रत्यक्षात त्याच गोष्टी निकालाला टिकाऊ करतात. पीडिताला हवा असतो खरा गुन्हेगार, आणि तो सचोटीच्या तपासातूनच हाती येतो.

सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये गुजरात दंगलीतल्या बेस्ट बेकरी हत्याकांडाच्या प्रकरणात हेच मांडले. निष्पक्ष खटला आरोपीला, पीडिताला आणि समाजाला असा तिघांनाही मिळायला हवा, असे सांगून तो खटला पुन्हा चालवण्यासाठी मुंबईत पाठवला गेला. साक्षीदार भीतीने फिरले होते. दूरच्या शहरात, वेगळ्या न्यायालयात तो नव्याने चालला आणि 2006 मध्ये नऊ जणांना शिक्षा झाली.

कायदा कुठवर आला

संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने 29 नोव्हेंबर 1985 रोजी गुन्ह्याला बळी पडलेल्यांसाठी एक जाहीरनामा मंजूर केला. त्याच्या शीर्षकातच दोन प्रकारचे बळी आहेत: गुन्ह्याचे आणि सत्तेच्या गैरवापराचे. त्यांना मान मिळावा, खटल्याची माहिती मिळावी, त्यांचे म्हणणे ऐकले जावे आणि भरपाई मिळावी, असा त्याचा गाभा.

भारतात हे कायद्यात यायला बराच काळ गेला. ‘पीडित’ या शब्दाची व्याख्या फौजदारी प्रक्रिया संहितेत 31 डिसेंबर 2009 पासून लागू झाली. रमाबाई नगरचा निकाल लागला त्याच वर्षी, पण जवळजवळ आठ महिन्यांनी. त्या दुरुस्तीने तीन मोठ्या गोष्टी दिल्या. आरोपी सुटला, कमी गुन्ह्यात दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी वाटली, तर पीडिताला स्वतः अपील करता येते. सरकारी वकिलाला साहाय्य करण्यासाठी पीडिताला स्वतःचा वकील देता येतो. आणि प्रत्येक राज्याने भरपाईची योजना करायची.

भरपाईबद्दल एक गैरसमज पक्का बसला आहे: आरोपीला शिक्षा झाली तरच पैसे मिळतात. तसे नाही. आरोपी सुटला तरी न्यायालय भरपाईची शिफारस करू शकते. गुन्हेगार सापडलाच नाही तरी पीडित थेट जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करू शकतो. महाराष्ट्रात बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ल्यातील पीडितांसाठी 2013 पासून मनोधैर्य योजना आहे.

जातीय अत्याचाराच्या खटल्यांत पीडिताचा हक्क आणखी पुढे गेला आहे. 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात 26 जानेवारी 2016 पासून कलम 15-अ आले. जामिनाची सुनावणी असो वा शिक्षेची, पीडिताला वेळेवर नोटीस मिळाली पाहिजे आणि त्याचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे. हे केवळ सौजन्य नसून बंधन आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये स्पष्ट केले. 2022 मध्ये शेतकऱ्यांना गाडीखाली चिरडल्याच्या लखीमपूर खेरी प्रकरणात आरोपीचा जामीन रद्द करताना त्याच न्यायालयाने सांगितले की पीडिताला तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर म्हणणे मांडण्याचा अधिकार आहे.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने यात भर घातली. तपास कुठवर आला हे 90 दिवसांच्या आत पीडिताला कळवायचे. सरकारला खटला मागे घ्यायचा असेल तर आधी पीडिताला ऐकायचे. सरकारी नोकरावर खटला चालवण्याच्या मंजुरीवर 120 दिवसांत निर्णय झाला नाही, तर ती मिळाली असे समजले जाते. वर्दीतल्या माणसाविरुद्ध दाद मागणाऱ्यांसाठी या शेवटच्या तरतुदीचे मोल मोठे आहे, कारण मंजुरीची फाइल टेबलावर पडून राहणे हीच आजवर त्यांच्या वाटेतली सर्वांत उंच भिंत होती.

कायदा एवढे सांगतो. तरीही नोटीस पोहोचत नाही, तारीख कळत नाही, कारण पीडिताला आपला हक्क माहीत नसतो आणि समोरच्याला त्याची आठवण करून देणारे कुणी नसते. म्हणून शेवटचे काही शब्द थेट तुमच्यासाठी.

तुमच्यावर वेळ आली तर

पोलीस ठाण्यात ‘ही आमची हद्द नाही’ असे ऐकायला मिळाले, तर शांतपणे सांगा की झीरो एफआयआर नोंदवा. दखलपात्र गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्याने माहिती लिहून घेऊन ती योग्य ठाण्याकडे पाठवायची, हा आता कायदा आहे. एफआयआरची प्रत मोफत मागून घ्या. जबाब वाचून पाहा, चुकला असेल तर दुरुस्त करून घ्या आणि मगच पुढे जा. ठाण्याने ऐकलेच नाही तर उपायुक्तांकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या, आणि तिथेही काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जा. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी 15100 हा क्रमांक आहे.

आणि वेळ दुसऱ्यावर आली तर त्याच्यासोबत जा. एकटा माणूस ठाण्यातून परत पाठवला जातो, सोबत चौघे असले की कागद पुढे सरकतो. हे उपनगरातल्या कुठल्याही चाळीत राहणाऱ्याला ठाऊक आहे.

रमाबाई नगरात आज पुनर्विकासाचे काम हाती घेतले आहे, हायवेवरून ठाणे शहराकडे नवा मार्ग जाणार आहे. वस्तीचा चेहरा बदलेल. पण त्या सकाळी लोक सर्वांत आधी गेले होते ते तक्रार द्यायला, हे विसरता कामा नये. त्यांनी कायद्याचे दार आधी ठोठावले. ते दार तिथेच, त्याच क्षणी उघडणे हा प्रत्येक नागरिकाचा हक्क आहे, आणि तो हक्क मागताना कुणाचीही जात, धर्म किंवा वस्तीचा पत्ता विचारला जाऊ नये.